गारगोट्यांचा संसार

मार्तंडराव पाटबंधारे खात्यात कारकून होते, आणि गंगाखेडला नदीकडच्या गल्लीत दोन भाड्याच्या खोल्यांत त्यांचा संसार होता. संसार म्हणजे ते आणि त्यांची बायको प्रभावती. लग्नाला दहाबारा वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलला नव्हता. नवससायास झाले, परभणीचे, नांदेडचे दवाखाने झाले, आणि मग दोघांनी काही न ठरवता तो विषय तोंडातून काढून टाकला. मनातून मात्र तो निघाला नव्हता.

अशात एकदा मार्तंडराव कालव्याच्या खोदकामावर गेले आणि रुमालात बांधून नारळाएवढा एक गोटा घेऊन आले. बाहेरून काळा, ओबडधोबड. प्रभावती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आता दगड आणायचेच राहिले होते," ती म्हणाली.

"हात धू आणि उजेडात ये."

गोटा सुरुंगानं एका अंगानं फुटला होता. आत पोकळ होता, आणि त्या पोकळीत चहूबाजूंनी काचेसारखे बारीक सुळके दाटीवाटीनं उभे होते. प्रभावतीनं तो दारात नेऊन उन्हात धरला.

"हे कुणी बसून घासलं असेल हो?"

"कुणी नाही. ही गारगोटी. स्फटिक म्हणतात त्याला. खडकात आपलं आपण वाढतं. बाजू मोज, सहाच भरतील."

तिनं मोजल्या. मग दुसऱ्या सुळक्याच्या मोजल्या, मग तिसऱ्याच्या. तोवर तव्यावरची भाकरी करपली. ती तशीच दोघांनी ताकाबरोबर खाल्ली आणि जेवताना गोटा मधोमध ठेवला होता.

तेव्हापासून रविवार आला की डबा बांधायचा, सायकलवर डबलसीट निघायचं आणि जिथं कुठं नवी विहीर किंवा कालवा खणायला काढलाय तिथला मलबा हुडकायचा, असा परिपाठ पडला. मार्तंडरावांनी परभणीच्या कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकाकडून पुस्तकं आणली. नावं त्यांना पाठ झाली. नजर मात्र प्रभावतीची. ढिगाच्या या टोकाला उभी राहून ती म्हणायची, "तो बघा, त्या पिवळ्या दगडाच्या खाली," आणि निघायचाच. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "लेकरू न्हाई तर दगडं पोसायलेत." ते तिच्या कानावर आलं. पहिल्यांदा लागलं, मग लागेनासं झालं.

घरात भिंतीला लावलेल्या फळीवर हळूहळू दोनचार ओळी भरल्या. एका स्फटिकाला दोन्ही बाजूंनी टोकं होती. तो कशाला न चिकटता चिखलात वाढला असणार, असं मार्तंडराव सांगायचे. एक मधोमध मोडून पुन्हा सांधला होता, हाड सांधावं तसा, आणि सांध्याची रेघ बोटाला लागायची. एकाच्या आत पाण्याचा थेंब अडकला होता. दगड तिरका केला की थेंबातला बुडबुडा इकडून तिकडं जायचा. जांभळे दगड त्यांनी फळीच्या खालच्या, सावलीतल्या ओळीत ठेवले, कारण उन्हानं तो रंग उडतो.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत दलितांची घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या, एसट्या बंद पडल्या होत्या, माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हती. तेव्हा कुणाला दगड बघायची वासना राहिली नव्हती. सायकल तशीच भिंतीला टेकून राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात राणीसावरगावचा भुजंग कचेरीत आला. पाणीपट्टीच्या कामानं यायचा तो, त्यामुळं ओळखीचा होता. आडव्या हाडाचा, मोठ्या आवाजाचा शेतकरी.

"भाऊसाहेब, तुमच्या कामाची चीज घावलीय. हीर खनायलोय. पान्याचा टिपूस न्हाई, पर परवा सुरुंग उडाला आन् कडंला दर पडला. आत बॅटरी मारली तर डोळे दिपले माझे. सगळं जांभळं! उद्या फिरून सुरुंग लावायलोय. बघायचं आसंल तर आजच या."

दुपारी दोघं एसटीनं गेले. विहिरीवर भुजंगची आई चतुराबाई आणि घरातली लेकरं जमली होती. चार दोरांना बांधलेल्या बाजेवर बसून मार्तंडराव खाली गेले. भगदाडासारख्या त्या दरात डोकं घातलं, पण खांदे जाईनात. भुजंगचा तर प्रश्नच नव्हता. आपल्या पोराला पाठवू का असं भुजंगनं म्हणताच चतुराबाई कडाडली, "लेकरू न्हाई घालायचं त्यात! आत काय हाय काय न्हाई!"

मार्तंडराव वर आले. हात झटकत म्हणाले, "जाऊ दे. नशिबात नाही."

प्रभावतीनं पदर खोचला, कासोटा घातला आणि बाजेवर जाऊन बसली. "मी जाते. माझे खांदे जातील."

"आगं माय!" चतुराबाईनं तोंडावर हात घेतला. "बामनाची बाई हिरीत उतरायलीय! भाऊसाहेब, तुमी काई बोलना बी?"

"माझं ऐकते का ती?" मार्तंडराव हसत म्हणाले आणि बॅटरी आणि छिन्नी-हातोडी तिच्या हातात देऊन तिच्याबरोबर पुन्हा खाली उतरले.

दरातून ती पोटावर सरपटत गेली. दोन्ही कोपरं सोलून निघाली. मग एकदम जागा मोकळी झाली. गुडघे पोटाशी घेऊन बसता येईल एवढी कोठडी होती. तिनं बॅटरी फिरवली. वर, खाली, चारी अंगांनी जांभळे स्फटिक. काही बोटभर, काही जिऱ्याएवढे. प्रत्येकाचं टोक शाबूत, जणू सगळ्यांनी तिच्याकडं माना वळवून बघावं. ह्या खोलीत याआधी कुणी आलं नव्हतं. उजेडसुद्धा नाही. तिला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत कुठल्या देवळात तिला असं झालं नव्हतं.

बाहेरून मार्तंडरावांची हाक आली, "प्रभा!"

तिनं ओ दिली नाही. वाटलं, थोडा वेळ बसावं, मग देऊ. पुन्हा हाक आली, पुन्हा आली. मग ती म्हणाली, "आहे हो, आहे. दम धरा जरा."

सुरुंगाच्या धक्क्यानं ताटाएवढी एक खपली आधीच सुटत आली होती. तिनं ती हलक्या हातानं मोकळी केली, पदर सोडून त्यात गुंडाळली आणि पुढं ढकलत ढकलत बाहेर आली. मार्तंडराव हसत होते. "लागलं का कुठं?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी भुजंगनं सुरुंग लावला आणि ती कोठडी गेली. चार हात खाली पाणी मात्र लागलं, आणि त्यानं गुळाची ढेप पाठवली.

घरी खपली धुतली तेव्हा जांभळ्या दाटीत मधोमध एक बिनरंगी, नितळ स्फटिक दिसला. त्याच्या आत दुधी रंगाचा दुसरा, लहान स्फटिक होता. तशीच सहा अंगं, तसंच टोक.

मार्तंडराव भिंगातून बघत म्हणाले, "हा आधी एवढाच होता बघ. वाढ थांबली. वर धूळ बसली. मग पुन्हा वाढायला लागला, आणि धाकट्याला पोटात घेऊन—"

ते थांबले. प्रभावती मोरीकडं तोंड करून हात पुसत होती. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "चहा टाकतेस का?" त्या दगडाबद्दल 'पोट' हा शब्द त्यांनी पुन्हा कधी वापरला नाही. कुणी बघायला आलं तर म्हणायचे, "आत अजून एक आहे."

अशी वर्षं गेली, आणि चांगली गेली. सायकलीची लुना झाली. प्रभावतीचे केस कानाशी पांढरे झाले.

मग निवृत्तीला थोडा अवधी असताना एके दिवशी मार्तंडरावांनी तो पाण्याच्या थेंबाचा दगड हातात घेतला आणि विचारलं, "हा कुठला गं?"

"कुठला म्हणजे? वडगावच्या कालव्यावरचा. तुम्हीच नाही का खिशात घालून आणलेला?"

"हो हो," ते म्हणाले, पण त्यांना आठवलं नव्हतं, हे तिला कळलं.

मानवतला एका लग्नाला गेले असताना ते मांडवातून उठून गेले आणि संध्याकाळी कापसाच्या बाजारात एका बैलगाडीला टेकून उभे असलेले सापडले. गाव कोणतं ते त्यांना सांगता येईना. प्रभावतीचा भाऊ दिनकरराव चुडाव्याला राहायचा, रेल्वेत होता. तो त्यांना औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं की मेंदू सुकत चाललाय, औषध नाही, जपा.

ती जपत राहिली. मार्तंडराव येईल त्याला दगड देऊ लागले. दूधवाल्याला दिला, मीटर बघायला आलेल्याला दिला. "घेऊन जा, घरी मंडळींना दाखवा," असं प्रेमानं म्हणायचे. दोन टोकांचा गेला, सांधलेला गेला, पाण्याचा थेंबही गेला. प्रभावती मागं पळत जाऊन परत आणायची, पण लोकांच्या दारात उभं राहून दगड मागायची लाज वाटू लागली. मग तिनं ते सोडलं. एक ती विहिरीतली खपली मात्र मार्तंडराव कुणाला देत नसत. उलट ती उशाशी घेऊन निजत.

एका दुपारी ती पलंग झटकत होती. खपली बाजूला ठेवावी म्हणून तिनं हात लावला.

"हात लावू नका," मार्तंडराव म्हणाले.

"अहो, चादर बदलतेय."

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

ती हसली. थट्टा करायची सवय होतीच त्यांना. "अहो, मी आहे. प्रभा."

ते जवळ आले आणि एखादा नवा दगड बघावा तसं नीट, मन लावून तिच्याकडं बघत राहिले. मग हळू आवाजात, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, "प्रभा अशी नाही. तिचे केस काळेभोर आहेत. बाई, तुम्ही चांगल्या घरच्या दिसता. असं खोटं बोलू नये."

प्रभावती स्वयंपाकघरात गेली आणि गॅस पेटवून त्यावर काहीच न ठेवता उभी राहिली.

तिनं लग्नातला फोटो आणून दाखवला. ते म्हणाले, "ही प्रभा. बघा, मी म्हटलं नव्हतं?" तिनं त्यांच्या आवडीची वरणफळं केली. ती त्यांनी पोटभर खाल्ली आणि म्हणाले, "हाताला चव आहे तुमच्या. आमच्या घरीपण अशीच करतात." तिला त्यांनी आता परक्या बाईचा मान द्यायला सुरुवात केली. ती खोलीत आली की उठून बसायचे, धोतर सारखं करायचे. तिनं अंगाला हात लावला की संकोचानं दूर सरायचे. "नको. बरं दिसत नाही." अंघोळ घालायला गल्लीतल्या लिंबाजीला सांगावं लागलं. तिनं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं.

दिवाळीच्या सुमारास भुजंग भेटायला आला. डोक्याचे केस त्याचेही पिकले होते. तो दारात दिसताच मार्तंडराव ताडकन उठले.

"अरे भुजंग! पाणी लागलं का?"

प्रभावती पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. भुजंगला ओळखलं होतं त्यांनी.

"लागलं की भाऊसाहेब, कवाच लागलं. लय पानी हाय."

"आणि प्रभा? ती वर आली का रे?"

भुजंग गोंधळला. त्यानं प्रभावतीकडं बघितलं. "आल्यात की. ह्या काय वैनी, हितं तर उभ्या हायेत."

"ह्या नव्हेत," मार्तंडराव वैतागून म्हणाले. "ह्या इथं कामाला असतात. प्रभा आत गेलीय. हाक मारतोय तर ओ देत नाही."

भुजंग उपरण्यानं तोंड पुसत बाहेर जाऊन बसला.

त्या संध्याकाळी प्रभावतीनं मन घट्ट केलं. खुर्ची घेऊन ती त्यांच्यापासून थोडी दूर बसली आणि शेजारीण बसावी तशी विचारू लागली.

"तुमच्या मंडळी कशा आहेत स्वभावानं?"

मार्तंडरावांचा चेहरा खुलला. "हट्टी आहे. पण नजर अशी की ढिगातून दगड हेरते. मला नुसती नावं येतात. ती नसती तर हे काही जमलं नसतं."

"विहिरीत उतरली म्हणे?"

"उतरली ना. मी हसत होतो. भुजंगपुढं रडायचं कसं? पण ती आत गेली, हाक मारली तर ओ नाही. पुन्हा मारली, ओ नाही. बाई, मनात म्हटलं, देवा, मूल दिलं नाहीस, राहू दे, मी कधी बोल लावला नाही. पण ही मला परत दे. हिच्याशिवाय दुसरं काही मागणार नाही."

 प्रभावतीनं विचारलं, "हे तिला सांगितलं होतं का कधी?"

"सांगीन की. वर तर येऊ द्या."

ती उठून बाहेर आली. जन्मभर जे ऐकायला मिळालं नव्हतं ते आज मिळालं होतं, आणि तेही परक्या बाईला. त्या दिवशी पहिल्याच हाकेला ओ द्यायला काय झालं होतं आपल्याला?

मग तिच्या मनानं एकच घेतलं. दिनकररावानं नको म्हटलं, "ताई, वेडी झालीस का?" म्हटलं, पण ती ऐकेना. शेवटी त्यानंच जीप ठरवली आणि तिघं राणीसावरगावला गेले. भुजंगची विहीर आता बांधीव होती, आत उतरायला दगडी पायऱ्या होत्या, खाली हिरवंगार पाणी होतं. म्हातारी चतुराबाई काठी टेकत आली. काय करायचंय ते ऐकून तिनं प्रभावतीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

भुजंगनं मार्तंडरावांना काठावर उभं केलं. प्रभावती दुसऱ्या अंगानं आधीच खाली उतरून पाण्याजवळ, भिंतीच्या आडोशाला उभी राहिली होती. वरून हाक आली.

"प्रभा!"

"ओ! आले हो," ती ओरडली. विहिरीत तिचा आवाज घुमला. ती पायऱ्या चढू लागली. गुडघे दुखत होते, छाती भरून येत होती. एकेका पायरीला ती म्हणत होती, "आले, आले, अहो, आले मी." वरच्या पायरीवर मार्तंडरावांनी हात पुढं केला. तिनं तो धरला. किती महिन्यांनी तो हात तिच्या हातात आला होता.

त्यांनी तिला जपून वर घेतलं. तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग हात सोडला आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही आत होता ना? माझी बायको दिसली का हो तुम्हाला?"

भुजंगनं तोंड फिरवलं. 

प्रभावतीनं धाप आवरली. "दिसली," ती म्हणाली.

"काय करायलीय?"

"बसलीय. आत फार छान आहे म्हणाली. तुमची हाक ऐकू येते म्हणाली."

"मग ओ का देत नाही?"

"देईल. थोडा दम धरा म्हणाली."

मार्तंडरावांनी समाधानानं मान हलवली. येताना जीपमध्ये ते दिनकररावाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. प्रभावती पुढं, ड्रायव्हरशेजारी बसली.

त्यानंतर तिनं आपलं नाव त्यांना पुन्हा सांगितलं नाही. ती घरातली कामाची बाई झाली. त्यांचं जेवणखाण बघायची, आणि ते बायकोच्या गोष्टी सांगायला लागले की काम टाकून ऐकायची. कधी ते तिचीही चौकशी करायचे. "तुमचे मालक कुठं असतात?"

"बाहेरगावी."

"मग येतील. पत्र टाकत जा अधूनमधून. बाईमाणसाला एकटं राहणं अवघड."

"टाकते," ती म्हणायची.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. खालच्या वस्तीतून गुलाल उधळत मिरवणूक निघाली. कित्येक वर्षांची वाट पाहिलेली माणसं रस्त्यात एकमेकांना मिठ्या मारत होती. ताशांचा आवाज ऐकून मार्तंडराव दारात आले. गर्दीतला एकेक चेहरा निरखत ते तिथंच उभे राहिले. मिरवणूक संपली, रस्ता रिकामा झाला तरी ते आत येईनात.

"चला आता, गार लागतंय," प्रभावती म्हणाली.

"यात नव्हती," ते म्हणाले, आणि आत आले.

मग ताप आला. छातीत कफ दाटला. ते खायचे बंद झाले. शेवटचे दोन दिवस बोललेही नाहीत. एका सकाळी लिंबाजी अंग पुसायला आला आणि हातातला टॉवेल तसाच घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन उभा राहिला. त्याला काही सांगावं लागलं नाही.

गल्लीतली माणसं जमायला अजून वेळ होता. दिनकररावाला निरोप गेला होता. प्रभावती आत गेली, दार लोटलं आणि पलंगावर त्यांच्या उशाशी बसली. त्यांचे केस विस्कटले होते. तिनं ते बोटांनी सारखे केले. मग कपाळ पुसलं, गालावर हात ठेवला, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. नको कुणी म्हटलं नाही. बाहेर बायकांचे आवाज येऊ लागले, कुणीतरी दार ठोठावलं, तरी ती कितीतरी वेळ त्यांच्या केसांतून हात फिरवत तशीच बसून राहिली.